बागेचा पडदा

मास्तरांच्या उजव्या भुवईवर एक जुना व्रण आहे. तो व्रण म्हणजे आपल्याला मिळालेलं सगळ्यात मोठं बक्षीस, असं पडदेबाबा अजूनही सांगतात.

मास्तर म्हणजे नाटक मंडळीचे दिग्दर्शक. तेव्हा मात्र ते मास्तर नव्हते, नुकतीच मिसरूड फुटलेले नायक होते. पडदेबाबांनी रंगवलेला बागेचा पडदा त्या दिवशी पहिल्यांदा रंगमंचावर लागला होता. अर्धवट उघडं लोखंडी फाटक, फाटकातून आत गेलेली लाल मातीची वाट, दोन्ही बाजूंना झाडं आणि लांब टोकाला पाण्याची चमक. नायिकेशी भांडून नायकाने डावीकडच्या विंगेत जायचं होतं. पण गडी इतका रंगात आला की तरातरा निघाला तो थेट त्या फाटकात शिरायला. पडद्यामागे खांब होता. धाडकन आवाज झाला आणि सगळ्या नाट्यगृहाने टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या नक्की कोणाला होत्या यावर आजवर एकमत झालेलं नाही. मास्तर म्हणतात मला. बाबा म्हणतात फाटकाला.

बाबांचं नाव पडदेबाबा पडलं ते त्यांनी जन्मभर पडदेच रंगवले म्हणून. त्यांची मुलगी त्यांच्याच हाताखाली शिकली आणि पुढे मंडळीचं सगळं नेपथ्य सांभाळू लागली. लहानथोर सगळे तिला ताई म्हणतात, अगदी तिच्याहून मोठे असलेले मास्तरसुद्धा. बाबांची नजर हळूहळू गेली. पार अंधार नाही, पण समोर बघावं तर मधोमध काळा डाग आणि कडेकडेला थोडं धूसर. म्हणून बाबा आता माणसाकडे बघायचं असलं की तोंड दुसरीकडे फिरवतात. नवखा माणूस समजतो म्हातारा रुसलाय.

तर या मंडळीने नवं नाटक घेतलं आणि ताईच्या मागे शुक्लकाष्ठ लागलं.

नाटकातल्या घरात तीन खोल्या एकापाठोपाठ एक. पुढच्या खोलीत थोरला भाऊ, मधल्या खोलीत अंथरुणाला खिळलेली आई, मागच्या खोलीत धाकटा आणि त्याची बायको. नाटकाची सगळी गंमत अशी की पुढच्या खोलीत बोललेलं मागच्या खोलीत चोरून ऐकलं जातं, आणि आई मधे पडल्या पडल्या दोन्हीकडचं ऐकून मूग गिळून गप्प राहते. म्हणजे तिन्ही खोल्या एकाच वेळी दिसल्या पाहिजेत. पण रंगमंचावर पुढची भिंत उभी केली की मागची खोली गुडुप! ताईने पुठ्ठ्याचे नमुने करून बघितले. एकात भिंतींना मोठाल्या खिडक्या पाडल्या, तर घराचा कोंबड्यांचा खुराडा झाला. एकात भिंती जाळीच्या केल्या, तर मास्तर म्हणाले, "ताई, आजारी बाई आहे ती, तुरुंगातली कैदी नाही." एकात खोल्या एकावर एक चढवल्या, तर आईची भूमिका करणाऱ्या बाईंनी गुडघे दाखवले आणि शिडी चढायला साफ नकार दिला.

शेवटी मास्तरांनी काखा वर केल्या. "आता प्रोजेक्टर," ते म्हणाले. "मागे भला मोठा पांढरा पडदा लावू. ज्या खोलीतला प्रवेश, त्या खोलीचं चित्र पडद्यावर. सगळीकडे आता असंच चालतं."

"एवढ्या रुंदीचं अखंड कापड कुठे मिळणार?" ताईने विचारलं. "हल्ली कोणी विणतच नाही."

मास्तर जरा घुटमळले. मग आवाज उतरवून म्हणाले, "आहे ना एक. बागेचा. वर्षानुवर्षं गुंडाळून पडलाय. पांढऱ्या रंगाचे दोन हात मारले की झालं." आणि आणखी आवाज उतरवून, "बाबांना आता दिसत तर नाही ना, ताई. कळणार कसं त्यांना?"

ताईने नाही म्हणायला तोंड उघडलं. पण नाही म्हटलं तर त्या जागी द्यायला तिच्याजवळ काहीच नव्हतं. ती "बघते" म्हणाली, आणि दिग्दर्शकाला "बघते" म्हटलं की त्याचा अर्थ हो असाच होतो हे तिला पक्कं ठाऊक होतं. पांढऱ्या रंगाचे डबे घराला लागून असलेल्या पडद्यांच्या कारखान्यात येऊन पडले. सोमवारी पडदा उलगडून रंगवायचा ठरला. घरी बाबांसमोर जेवताना तिचा घास तोंडात फिरायला लागला.

रविवारी ती बाबांना संग्रहालयात घेऊन गेली. महिन्यातून एकदा बाबांना बाहेर काढायचं हा तिचा नेम होता. संग्रहालय बाबांना आवडायचं, कारण तिथे गारवा असतो, जागोजागी बाकं असतात आणि कोणी मोठ्याने बोलत नाही. खरं तर त्या दिवशी तिला बाबांची नजर चुकवायची होती, आणि ज्याला दिसत नाही त्याची नजर चुकवणं इतकं अवघड असेल असं तिला वाटलं नव्हतं.

दोघांची एक जुनी रीत होती. ताईने चित्रासमोर उभं राहून चित्र सांगायचं आणि बाबांनी ऐकायचं. त्यात बाबांचा दंडक असा की सुंदर हा शब्द वापरायचा नाही.

"सुंदर म्हणजे काय ते मला कळत नाही," ते म्हणायचे. "कुठे काय आहे ते सांग. सुंदर आहे की नाही ते माझं मी ठरवीन."

आशियाई कलेचं दालन वरच्या मजल्यावर होतं. नेहमी बाबांचे पाय खालीच दुखायला लागायचे, म्हणून ते राहून जायचं. आज लिफ्ट चालू होती. आधी एक इराणी चित्र लागलं, तळहाताएवढं. "गालिचा आहे, बाबा. पण तो वरून बघितल्यासारखा सपाट, आणि त्यावर बसलेला माणूस मात्र बाजूने बघितल्यासारखा. झाडाचं प्रत्येक पान वेगळं काढलंय. एकसुद्धा पान दुसऱ्याच्या मागे लपलेलं नाही."

"कामसू माणूस," बाबा म्हणाले. पगार ठरवणाऱ्याच्या थाटात.

पुढे एक चिनी डोंगर होता, माणसाच्या उंचीचा, नुसत्या काळ्या शाईत. ताईने डोंगर सांगितला, धुकं सांगितलं, धबधबा सांगितला. बराच वेळ सांगून झाल्यावर तिला अगदी खाली पुलावर चाललेला, नखाएवढा एक माणूस दिसला. "अगंबाई," ती म्हणाली, "इथे कोणीतरी आहे." बाबा खूश होऊन हसले. पहिल्यांदा डोंगर दिसावा आणि माणूस मागाहून सापडावा अशी सोय करून ठेवणारा चित्रकार त्यांना फारच आवडला. त्यांनी तो डोंगर ताईकडून पुन्हा पहिल्यापासून सांगवून घेतला.

आणि मग दालनाच्या मधोमध ती चित्रांची गुंडाळी होती.

लांबच लांब काचेच्या पेटीत, आडवी उलगडून ठेवलेली. जपानमधली, कित्येक शतकांपूर्वीची. भिंतीवर नव्हती, त्यामुळे विहिरीत डोकावावं तसं वरून वाकून बघावं लागत होतं. बाबांनी पेटीच्या कडेला हात टेकले, मान वाकडी केली आणि नाक पार काचेपाशी नेलं.

"आजोबा, काचेला नाक लावू नका," दारापाशी स्टुलावर बसलेला पहारेकरी म्हणाला.

"नाक नाही हो लावत. डोळ्याची कड लावतोय," बाबा म्हणाले, आणि ताईला म्हणाले, "सांग."

"घर आहे, बाबा. वरून बघितलेलं. तिरपं. भिंती सगळ्या उजवीकडून डावीकडे तिरप्या गेल्यात. आणि..." ती थांबली. "छप्पर नाहीये."

"पडलंय?"

"नाही. घर चांगलं नांदतं आहे. छप्पर काढलंच नाही."

"विसरला असेल."

"बाबा, पुढच्या घरालाही नाही. त्याच्या पुढच्यालाही नाही."

"मग विसरला नाही," बाबा म्हणाले. "आत काय आहे?"

"पहिल्या खोलीत एक बाई खाली मान घालून बसलीये. केस जमिनीवर पसरलेत. डोळे म्हणजे नुसती एकेक रेघ. तरी ती रडलेली आहे हे कळतंय, कसं ते नाही सांगता येत. मग एक भिंत. भिंत कसली, नुसती रेघ आणि दोन खांब. तिच्या पलीकडे एक बाळ झोपलंय, शेजारी म्हातारी दाई. आणि त्याच्या मागे..." ताईचा आवाज एकदम बारीक झाला. "त्याच्या मागे, पडद्याआड, एक पुरुष कान देऊन उभा आहे. त्या बाईला माहीत नाही. दाईला माहीत नाही. आपल्याला सगळं दिसतंय."

बाबांनी वाट बघितली. कोपराने ढोसलं. "का गं थांबलीस?"

"बाबा, हे आमच्या नाटकातलं घर आहे."

इतक्या शतकांपूर्वी कुठल्याशा माणसाने, तिने नाव न ऐकलेल्या माणसाने, बसल्या बसल्या घराचं छप्पर उचलून बाजूला ठेवलं होतं आणि एकाही भिंतीला धक्का न लावता सगळ्यांची दुःखं उघडी करून दाखवली होती. खिडक्या नाहीत, जाळ्या नाहीत, शिड्या नाहीत. आणि आपण कात्री घेऊन पुठ्ठ्याला भोकं पाडत बसलो! तिला स्वतःची लाज वाटली नाही, उलट आनंदाने हसूच आलं. एवढा मोठा माणूस आपल्याच धंद्यातला निघावा, याचं तिला अपार कौतुक वाटलं.

"भिंती गुडघ्याएवढ्याच करायच्या," ती भराभर बोलू लागली. "तिरप्या. छप्पर नाही. आपल्या नाट्यगृहाच्या खुर्च्या चढत्या आहेत, वर सज्जा आहे, सगळे वरूनच बघतात. एवढी वर्षं वरूनच बघतायत आणि आपण त्यांना समोरची भिंत दाखवतोय!"

"जमिनीवर काय काढलंय?" बाबांनी मधेच विचारलं.

"चटया आहेत. हिरवट पिवळ्या, काळ्या काठाच्या. बाहेर अंगण. गवत, ओढा."

"बघ म्हणजे. वरून बघायचं तर सगळ्यात जास्त दिसते ती जमीन. तुझ्या घराच्या बाहेरची जमीन कसली आहे?"

ताई उत्तर शोधू लागली आणि तिच्या लक्षात आलं. रंगमंचाच्या रुंदीचं, अखंड, रंगवलेलं अंगण हवं होतं. झाडं, लाल वाट, लांब टोकाला पाणी. तसलं कापड जगात एकच होतं, आणि उद्या ते पांढरं व्हायचं होतं. ते वाचवायचं तर माणसांच्या पायाखाली घालायचं. एकाने पुसायचं नाहीतर दुसऱ्यांनी तुडवायचं, यापलीकडे बापाच्या कामासाठी तिला काही सुचत नव्हतं.

तिने बाबांना बाकावर बसवलं आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. प्रोजेक्टर, पांढरा रंग, सोमवार, आणि आपण "बघते" म्हणालो तेही.

बाबा तोंड पलीकडे फिरवून ऐकत होते. म्हणजे तिच्याकडेच बघत होते.

"डबे आले त्याच दिवशी कळलं मला," ते म्हणाले. "डोळे गेलेत, नाक शाबूत आहे. पांढऱ्या रंगाचा वास काय लपतो होय?"

"मग बोलला का नाहीत?"

"तू कधी बोलतेस ते बघत होतो."

ताईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. बाबांनी खिशातून रुमाल काढून भलत्याच दिशेला धरला. तिनेच तो ओढून घेतला.

"मास्तरांचं काही चुकलं नाही," बाबा म्हणाले. "गुंडाळून ठेवलेला पडदा उंदरांशिवाय कोणाच्या उपयोगाचा?"

"पण बाबा, आता लोक त्यावर चालतील. तुमच्या झाडांवर, पाण्यावर पाय देतील."

यावर बाबा इतके मोठ्याने हसले की पहारेकरी स्टुलावरून उठला.

"अगं वेडे, मी तो रंगवला कसा? भिंतीला लावून? एवढं धूड भिंतीला कोण लावणार? कारखान्यात जमिनीवर अंथरला, ब्रश काठीला बांधला आणि अनवाणी त्यावर फिरत फिरत रंगवला. फाटक काढताना मी वाटेवर उभा होतो. पाणी काढताना गवतात. डावीकडच्या मोठ्या झाडाखाली माझ्या टाचेचा ठसा उठला होता, तो झाकायला वर झुडूप काढावं लागलं. ते झुडूप सगळ्यांना फार आवडायचं." ते जरा थांबले. "उभा केला तेव्हा तो तुमचा झाला. मी त्या बागेत फिरलोय. तेवढं त्या बागेत मास्तरांनाही जाऊ दे एकदा, बिचारे दारातूनच परत आलेत."

निघताना त्यांनी ताईला पुन्हा त्या पेटीपाशी न्यायला लावलं. "हाही जमिनीवर बसूनच रंगवत असणार," मान वाकडी करून ते म्हणाले. "त्याला सांग, बरं काम केलंस." ताईने काचेकडे बघून खरोखरच तसं सांगितलं. पहारेकऱ्याने दुसरीकडे बघितलं.

सोमवारी मास्तर रंगाचा डबा उघडायला आले तर समोर पुठ्ठ्याचा नवा नमुना. त्यांनी तो उजवीकडून बघितला, डावीकडून बघितला.

"भिंत नाही, दार नाही, छप्पर नाही," ते म्हणाले. "ताई, मग नेपथ्य म्हणून आहे काय यात?"

"जमीन आहे. आणि समोरून नका बघू. खुर्चीवर उभे राहा."

मास्तर कुरकुरत खुर्चीवर चढले. बराच वेळ खाली बघत राहिले. त्यांच्या कपाळावर आठ्या होत्या, त्या हळूहळू विरघळल्या, पण कबूल करायचा त्यांचा स्वभाव नाही. "एक तालीम देतो," ते म्हणाले. "नाही जमलं तर पांढरा रंग. मग रडायचं नाही."

ताईने गुडघ्याएवढ्या चौकटी ठोकून घेतल्या. बागेचा पडदा रंगमंचावर अंथरून त्यावर पातळ सरसाचा हात मारला, म्हणजे रंग पायाला लागू नये. तिरपं घर उजव्या बाजूला बसलं आणि उजवीकडची झाडं त्याखाली गेली. बाबा म्हणाले, बरं झालं, ती मला कधी जमलीच नव्हती.

तालीम सुरू झाली आणि पहिला अर्धा तास नुसता सावळागोंधळ. धाकटा भाऊ पाणी आणायला म्हणून सरळ भिंत ओलांडून आईच्या उशाशी गेला. "भिंत आहे ती!" ताई सज्जातून ओरडली. मग धाकट्याची बायको भिंतीवरच बसली. "वहिनी, भिंत!" आजारी आई उठून हसायला लागली. मास्तरांनी ताईकडे अशी नजर टाकली की तिच्या तोंडचं पाणी पळालं. शेजारी बाबा शांतपणे बसून होते, हनुवटी काठीवर टेकून.

मग चोरून ऐकण्याचा प्रवेश आला. थोरल्या भावाचं काम मास्तर स्वतःच करत होते. ते पुढच्या खोलीत पुटपुटत घर सोडून जायचं ठरवत होते, मागच्या खोलीत धाकटा श्वास रोखून कान देत होता, आणि मधे आई डोळे मिटून पडली होती. तिघंही एकमेकांना दिसत नव्हते. वरून तिघंही दिसत होते. आईचा हात चादरीवर हळूच मुठीत मिटला, आणि सज्जात बसलेली प्रकाशयोजनावाली पोरगी कळवळून "अरे देवा" म्हणाली. ताईने बाबांचा हात घट्ट धरला.

शेवटी थोरल्याने घर सोडलं. मास्तर उंबरा ओलांडून बागेत उतरले, अनवाणी, आणि पुढे येऊन वाटेकडे वळले. त्यांच्या पायांसमोर ते अर्धवट उघडं फाटक होतं. तिथे ते थबकले. नाटकात तिथे थांबायचं नव्हतं.

"पावलं थांबली," बाबा म्हणाले. "काय झालं?"

"फाटकाशी उभे आहेत, बाबा." ताईला हसावं की रडावं कळेना. "उजव्या भुवईवर हात धरलाय."

बाबा उठून उभे राहिले. सज्जाच्या कठड्याला धरून त्यांनी मान पार वाकडी केली, आणि खणखणीत आवाजात ओरडले, "मास्तर, उघडंच आहे! या आत!"

सगळे वर बघायला लागले. मास्तरांनीही वर बघितलं. मग त्यांनी भुवईवरचा हात काढला, पाऊल उचललं आणि फाटकातून आत गेले.

"गेले?"

"गेले. वाटेवर आहेत. मोठ्या झाडापाशी आले. तुमच्या झुडपाला वळसा घातला त्यांनी, बाबा, त्यावर पाय नाही दिला. आता लहान दिसतायत. पाण्यापाशी पोचले. पाठमोरे उभे आहेत."

"आणि?"

ताईला पुढे काही सांगता येईना.

"सुंदर आहे, बाबा," ती म्हणाली.

बाबांनी तिला टोकलं नाही.